गिरणी, मॉल आणि मधला हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मॉरिशस हा हिंदी महासागरातला एक चिमुकला देश. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख भरली होती. म्हणजे हा सबंध देश आपल्या निम्म्या शहरात मावेल. तिथे मराठी माणसं पिढ्यान्पिढ्या राहतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण आज या देशाची आठवण काढतो आहे ती वेगळ्या कारणानं. ऊस, कापडाचे कारखाने, पर्यटक, बँका यांतल्या कशावर किती विसंबायचं, हा प्रश्न मॉरिशसला १९६८ साली स्वतंत्र झाल्यापासून दर दहा-पंधरा वर्षांनी नव्यानं सोडवावा लागला. त्यांच्या दुप्पट असलेल्या आपण नागपूरकरांनी मात्र हा प्रश्न कधी आपला मानलाच नाही. कारखाना आला की आपण बातमी वाचतो, बंद पडला की हळहळतो आणि त्याच्या जागी मॉल झाला की रविवारी बघायला जातो.

शहर म्हणजे देश नव्हे, हे उघड आहे. नागपूरला स्वतःचं चलन नाही, जकातीचा नाकासुद्धा आता उरला नाही. तरी पोट भरण्याचा प्रश्न दोघांचाही सारखाच. बाहेरून जे आणायचं त्याचे पैसे चुकवायला बाहेर विकण्याजोगं आपल्याकडे काय आहे?

एक काळ असा होता की या प्रश्नाचं उत्तर नागपूरकर एका शब्दात देत. एम्प्रेस मिल.

जमशेदजी टाटांनी १८७४ साली कंपनी काढली तेव्हा गिरणी म्हणजे मुंबई असं समीकरण होतं. त्यांनी ते मोडलं. कापूस जिथे पिकतो तिथेच सूत का काढू नये, असा साधा विचार त्यामागे होता. वऱ्हाडचा कापूस हाताशी होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली होती. जुम्मा तलावाजवळची सखल, दलदलीची जागा त्यांनी घेतली आणि भर घालून ती बुजवायला सुरुवात केली. त्या वेळी इथल्या एका सावकारानं त्यांना भांडवल द्यायचं नाकारलं, अशी गोष्ट सांगतात. हा माणूस सोनं मातीत घालतो आहे, असं त्याचं म्हणणं. पुढे गिरणीनं नफ्यामागून नफा दाखवला तेव्हा त्याच सावकारानं कबूल केलं, की या माणसानं मातीत सोनं घातलं नव्हतं, माती घालून सोनं काढलं होतं.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं तो हाच दिवस, म्हणून नाव एम्प्रेस. व्यवस्थापक नेमले ते बेझनजी दादाभाई मेहता. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापडातलं त्यांना काहीएक कळत नव्हतं. आजच्या भाषेत सांगायचं तर सेवाक्षेत्रातला माणूस जमशेदजींनी कारखान्यात आणून बसवला, आणि त्यानं ती गिरणी उत्तम चालवून दाखवली. लँकेशायरच्या गिरण्याही जी स्वीकारायला बिचकत होत्या ती रिंग स्पिंडल्स १८८० च्या दशकात इथे फिरू लागली.

पण मला या गिरणीत यंत्रांपेक्षा दुसरी एक गोष्ट मोलाची वाटते. सुरुवातीला कामगार टिकत नसत. पेरणी आली की माणूस गावी, लग्नसराई आली की गावी. हे लोक पिढ्यान्पिढ्या शेतीच्या चालीनं चाललेले, त्यांना भोंग्याची सवय कुठली असणार! दंड करून हे सुधारणार नाही हे जमशेदजींनी ओळखलं. त्यांनी हजेरीबद्दल बक्षिसं ठेवली. १८८६ साली पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ साली अपघाताच्या भरपाईची सोय झाली. कायद्यानं हे सगळं सक्तीचं व्हायला आणखी कित्येक वर्षं जायची होती. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मात्र समजू नका. गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरावरून इथे संप झाला आणि देशातल्या नोंदल्या गेलेल्या सर्वांत जुन्या संपांत त्याची गणना होते. म्हणजे ज्या माणसाला काल शहरातलं कोणी ओळखत नव्हतं, तो वर्षाच्या आत कामाच्या दराबद्दल मालकाशी बोलू लागला होता.

नागपूरचं दुसरं पोट कचेऱ्यांवर भरत होतं. १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी इथे होती. सचिवालय, न्यायालय, कॉलेजं, वकील, कारकून आणि त्यांच्या गरजा भागवणारी सीताबर्डी, इतवारी, महाल. गिरणी आणि कचेरी असे दोन खांब. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजधानीचा खांब गेला. नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन पदरात पडलं, पण थोड्या दिवसांच्या अधिवेशनानं बारा महिन्यांचा बाजार चालत नाही. मग हिंगण्याची औद्योगिक वसाहत आली, अंबाझरीचा दारूगोळ्याचा कारखाना १९६६ साली आला, पुढे बुटीबोरी झाली. पण जुना खांब आतून पोखरत चालला होता. ऐंशीच्या दशकात एम्प्रेस मिल टाटांच्या हातून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद झाली. आज त्या जमिनीवर एम्प्रेस मॉल उभा आहे. नाव तेवढं राहिलं.

आता इथे उसासा टाकून मोकळं होणं सोपं आहे. ते मला करायचं नाही. मॉल वाईट आणि गिरणी चांगली, असा हा हिशेब नाही. गिरणीतल्या साचाखात्यात कापसाची पिंज नाकातोंडात जात असे, उकाडा असे, कानठळ्या बसवणारा आवाज असे. मॉलमध्ये एसी आहे. तिथे काम करणाऱ्या मुलीला परत गिरणीत पाठवा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न आहे तो वेगळा, आणि तो समजून घ्यायला थोडं अर्थशास्त्रात जावं लागेल.

कारखानदार श्रेष्ठ आणि सेवा देणारा कनिष्ठ, हा समज फार जुना आहे. अॅडम स्मिथनं १७७६ सालीच अनुत्पादक श्रमांची एक यादी केली. त्यात धर्मगुरू, वकील, वैद्य, साहित्यिक, नट, विदूषक, गवई सगळे एका पंगतीला बसवले. आमच्यासारख्या व्याख्यानं देणाऱ्यांची सोय त्याच पंगतीत. यावर कळस झाला तो १९६६ साली. निकोलस कॅल्डॉर नावाचे मोठे अर्थशास्त्रज्ञ ब्रिटिश सरकारचे सल्लागार होते. कारखाने वाढले तरच देश वाढतो, असं त्यांचं मत. त्या मतावरून सरकारनं मालकांवर नोकरामागे एक कर बसवला. कारखानदाराला तो परत मिळायचा, वर थोडं बक्षीसही. दुकानदार, हॉटेलवाले, न्हावी यांना काहीही परत नाही. हा कर १९७३ साली गुंडाळावा लागला. ब्रिटनचे कारखाने त्यानं वाचले नाहीत ते नाहीतच.

तरीही कॅल्डॉरचं म्हणणं सगळं टाकाऊ नव्हतं. सूत काढणाऱ्या कामगाराला चांगलं यंत्र दिलं की तो दुप्पट, दसपट सूत काढतो. केस कापायला मात्र आजोबांच्या काळी जेवढा वेळ लागे जवळजवळ तेवढाच आजही लागतो. शिवाय कारखाना कमी शिकलेल्या माणसाला घेतो, शिकवतो आणि त्याचा माल परगावी विकतो. या तीन गोष्टी एकाच छपराखाली मिळणं दुर्मीळ.

गोंधळ आहे तो मोजणीत. गिरणीच्या पगारपत्रकावर असलेला स्वयंपाकी सरकारी आकड्यांत कारखानदारीत मोजला जायचा. तेच काम कंत्राटदाराकडे दिलं की तोच माणूस, तेच भांडं, तीच डाळ, पण तो सेवाक्षेत्रात गेला. उलट हल्दीराम घ्या. नागपुरात संत्रा बर्फी तयार होते ती कारखान्यात, तिथेच पुढच्या दालनात ताटात वाढली जाते ती सेवा. मध्ये एक भिंत आहे, एवढाच फरक. त्यामुळे कारखानदारी इतके टक्के आणि सेवा इतके टक्के, असा समतोल काढणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही. २०११ च्या राष्ट्रीय धोरणात कारखानदारीचा वाटा २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचं आणि १० कोटी रोजगार निर्माण करण्याचं ठरलं होतं. २०१४ च्या 'मेक इन इंडिया'नं २५ टक्क्यांचं तेच उद्दिष्ट पुढे चालवलं. २०२२ साल येऊन गेलं, आकडा सतराच्या आत-बाहेरच घुटमळत राहिला.

मॉरिशसकडे वळू. १९६१ साली जेम्स मीड यांच्या समितीनं या बेटाबद्दल फार निराशेचा अहवाल दिला होता. माणसं फार, जमीन थोडी, पीक एकच, ते म्हणजे ऊस. मीड यांना पुढे नोबेल मिळालं, पण मॉरिशसबद्दलचं त्यांचं भाकीत चुकलं. १९७० साली तिथे निर्यात उद्योगांसाठी खास कायदा झाला. गंमत अशी, की कारखाने एका कुंपणात डांबले नाहीत, बेटावर कुठेही काढायची मुभा दिली. त्यामुळे गावोगावच्या बायका घराजवळ कामाला जाऊ शकल्या. युरोपासाठी स्वेटर आणि शर्ट शिवून शिवून १९९० च्या सुमाराला या देशानं बेकारी जवळजवळ संपवली.

मग दोन फटके बसले. १ जानेवारी २००५ ला जागतिक कापडव्यापारातली कोट्याची पद्धत संपली, चीनचा माल मोकळा झाला. त्यानंतर युरोपनं साखरेचा भाव २००६ पासून चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवला. कापडाच्या कारखान्यांतल्या हजारो स्त्रिया घरी बसल्या. देश मात्र बसला नाही, कारण पर्यटन आधीपासून वाढत होतं, परदेशी कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारा धंदा १९९२ पासून उभा होता, आणि एबेन इथे संगणक कंपन्यांसाठी नगर वसत होतं. तेही भारताच्या मदतीनं. सेवा अशा उपयोगी पडल्या. पण त्यांचीही दुखणी असतात. मॉरिशसमार्गे भारतात येणाऱ्या पैशाचं मूळ १९८२ च्या करारातल्या करसवलतीत होतं. २०१६ साली भारतानं तो करार बदलून घेतला आणि दिल्लीतल्या एका सहीनं पोर्ट लुईमधल्या कचेऱ्यांत चिंता पसरली. २०२० साली करोनात विमानं थांबली आणि एका वर्षात देशाचं उत्पन्न सुमारे १५ टक्क्यांनी घसरलं. आणि शिलाईयंत्रावरची पन्नाशीची बाई बँकेतल्या नोकरीवर गेली नाही. तिची मुलगी गेली असेल. मधल्या काळात त्या बाईचं काय झालं, हे राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात कुठेच दिसत नाही.

हेच नागपुरात झालं. गिरणी सुटल्यावर कोणी ऑटो घेतला, कोणी पानठेला टाकला, कोणी पहारेकऱ्याची नोकरी धरली. तिन्ही कामं सेवाक्षेत्रातली. आकड्यांच्या दृष्टीनं शहराची प्रगतीच झाली म्हणायची!

सिंगापूरचं उदाहरण आपल्याकडे उठसूट दिलं जातं, म्हणून त्यातली एकच गोष्ट सांगतो. इंग्रजांचा नाविक तळ हा त्या बेटाचा मोठा आधार होता. उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा तळावरून यायचा. इंग्रज जाणार हे कळल्यावर सरकारनं सेंबावांगची युद्धनौकांची गोदी १९६८ साली व्यापारी जहाजांच्या दुरुस्तीकडे वळवली. तिथले फिटर, वेल्डर तेच राहिले, ग्राहक बदलला. आणि बँका, विमानतळ, बंदर यांत इतकं नाव कमावल्यावरही २०१० साली तिथल्या सरकारी समितीनं सांगितलं, की कारखानदारीचा हिस्सा २० ते २५ टक्के राखलाच पाहिजे. घरभाडं आणि मजुरी एवढी महाग असलेल्या बेटावर हे सोपं नाही. पण हातातलं कसब एकदा गेलं की परत विकत मिळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता मिहान. २००२ साली विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, खापरी, तेल्हारा, कलकुही, शिवणगाव अशा गावांच्या जमिनी गेल्या. बरीच वर्षं तिथे कुंपण आणि गवतच दिसायचं, त्यावर विनोद व्हायचे. आता चित्र बदललं आहे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, आयआयएम आहे, २०२२ साली एम्सचं उद्घाटन झालं. पुण्या-हैदराबादला जाणारी मुलं काही प्रमाणात घरी राहू लागली आणि त्यांच्या आयांना बरं वाटलं. हा फायदा छोटा नाही, कारण हा पैसा खरोखर बाहेरून येतो. धंतोली, रामदासपेठेतल्या दवाखान्यांचंही तसंच. छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगावचा रुग्ण इथे येतो, नातलगासह आठवडाभर राहतो आणि पैसे खर्च करतो. ही निर्यातच आहे. याउलट मॉलमध्ये आपण एकमेकांचेच पैसे फिरवतो, आणि त्यातला माल बाहेरचा असल्यामुळे थोडे बाहेरही पाठवतो.

पण संगणक कंपनीच्या दारातून आत जायला पदवी लागते. दहावी-बारावी झालेल्या मुलासाठी त्याच इमारतीत कामं आहेत ती पहाऱ्याची, सफाईची, कँटीनची, गाडी चालवण्याची, आणि बहुतेक सगळी कंत्राटावर. या कामात दहा वर्षांनंतरही तो तिथेच असतो, वर चढायला पायरीच नसते. एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागलेला अडाणी माणूस कायम व्हायचा, जॉबर व्हायचा, त्याच्या मागे फंड असायचा. ते १८८६ सालचं. आज त्याच शहरात, त्याच शिक्षणाच्या माणसाला, पुढच्या वर्षी कंत्राटदार कोण असेल ते माहीत नसतं. समतोल बिघडला तो इथे.

मिहानमध्ये मला सर्वांत आशेची वाटते ती २०१५ साली सुरू झालेली विमानदुरुस्तीची शाळा. शाळाच म्हणतो मी तिला. बोइंगनं उभी केलेली, एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे आलेली. विमान दुरुस्त करणं हा कारखाना की सेवा, ते मोजणारे ठरवोत. टाटांच्या एका कंपनीनं इथेच ड्रीमलायनर विमानाचे फ्लोअर बीम तयार केले. अशा ठिकाणी आयटीआयच्या मुलाच्या हाताला वळण लागतं आणि ते वळण घेऊन तो उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. सिंगापूरच्या गोदीतल्या वेल्डरसारखाच.

कारखाने का येत नाहीत, याचं एक उत्तर विजेत आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथे वीज होते, कोळसा इथला, राख इथल्या माणसांच्या छातीत. पण उद्योगाला मिळणारी वीज शेजारच्या छत्तीसगडपेक्षा महाग. लोखंड वितळवणाऱ्याला विजेचं बिल म्हणजेच धंदा, तो रायपूरकडे पाहणारच. २०१६ साली राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली. पण कारखाना वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब करून उभारतात. दर वर्षी सवलत राहील का, अशी धाकधूक असेल तर तो हिशेब कागदावरच राहतो.

दुसरं उत्तर कापसात आहे. नाशिकला जन्मलेले आणि नागपुरात वाढलेले धनंजयराव गाडगीळ यांनी १९२४ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवलं होतं, की आपल्याकडे शहरातले जुने कारागीर आधी उद्ध्वस्त झाले आणि कारखाने नंतर, तेही तोकडे, आले. विदर्भाचं आजही तेच आहे. कोष्ट्यांचे माग गेले, गिरण्या गेल्या, कापूस मात्र पिकतोच आहे आणि गाठी बांधून बाहेर जातो आहे. २० सप्टेंबर २०२४ ला अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला.

रस्ता दोन्ही कामं करतो, हे विसरू नये. १८६७ ची रेल्वे आपल्या भल्यासाठी टाकली नव्हती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाचा दुष्काळ दाखवल्यावर वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला लवकर पोचावा, ही त्यामागची घाई होती. दहा वर्षांनी एका माणसानं त्याच रुळांवरचा कापूस नागपूरला उतरवून घेतला. समृद्धीवरून गाठी आणखी लवकर बंदराला जातील. त्यातल्या किती गाठी अमरावतीतच उघडल्या गेल्या, किती सुताला, किती कापडाला, आणि त्या कामावर पगारपत्रकातली माणसं किती, कंत्राटातली किती, एवढे पाच आकडे सरकारनं दर वर्षी विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनात मांडावेत. अधिवेशन नागपुरातच भरतं, कागद फार लांबून आणावे लागणार नाहीत.